तात्यांनी न सांगितलेला अर्थ

माझ्या पहिल्या कादंबरीविषयी बोलायला उभा राहिलो की मी एक गोष्ट हमखास सांगत असे. चिखलीच्या देवळात मी कादंबरी वाचायला बसलो, शेजारी गावातले अर्थ सांगणारे तात्या बसले, आणि माझ्या एका वाक्यापाशी त्यांची बोलती बंद झाली. अर्थ सांगायला त्यांनी तोंड उघडले आणि ते तसेच राहिले. इथे थांबून मी स्वतःचे तोंड उघडे ठेवून दाखवायचो. लोक हसायचे. मग मी म्हणायचो, त्या दिवशी मला कळले की आपल्याला लिहिता येते. टाळ्या पडायच्या.

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगितली. एका आवृत्तीच्या प्रस्तावनेत ती छापूनही आली. ती खोटी आहे. त्यातले देऊळ खरे, तात्या खरे, माझे वाक्यही खरे. घडले ते मात्र तसे घडले नाही. तात्यांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. ती दुपार पाहिलेले आता फारसे कोणी उरले नसेल. मी अजून आहे, तोवर नीट लिहून ठेवतो. खरी हकीकत माझ्या विनोदापेक्षा मोठ्या आनंदाची आहे, आणि मी ती इतकी वर्षे दडवली याचेच आता आश्चर्य वाटते.

पिंपरीला औषधांचा कारखाना सुरू होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी राजापूरकडचा. कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागलो. जवळपास जागा मिळेना, म्हणून चिखलीत एक खोली घेतली आणि सायकलने येऊ-जाऊ लागलो. सोबत बायको होती आणि एक ट्रंक.

खोली तात्यांच्या घरातली. खरे म्हणजे ती त्यांच्या धाकट्या भावाच्या वाटणीची होती. भाऊ शेती सोडून देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला लागला, त्यावरून दोघांत काहीतरी बोलाचाली झाली, आणि तो बायकोला घेऊन तिकडेच राहायला गेला. तेव्हापासून बोलणे बंद. त्याची रिकामी खोली आम्हाला मिळाली. तात्यांना माझ्याशी काम असले की ते अंगणात उभे राहून हाक मारत. त्या खोलीचा उंबरा ते ओलांडत नसत. घरात भावाचा विषय कोणी काढत नसे. बाकी घर भरलेले आणि बोलके होते. काकींनी तर पहिल्याच आठवड्यात माझ्या बायकोला बाजरीची भाकरी थापायला बसवले, आणि ती फाटली की दोघी हसत सुटायच्या.

तात्या म्हणजे गावातले वजनदार माणूस. चातुर्मासात देवळात पोथी लागे. एकाने ओवी वाचायची, शेजारी बसलेल्याने तिचा अर्थ साध्या बोलीत सांगायचा, मग पुढची ओवी, अशी रीत. वाचणारा बदलला तरी चालत असे. अर्थ सांगणारे मात्र वर्षानुवर्षे तात्याच. त्यांची घोंगडीची घडी चौरंगाशेजारी ठरलेल्या जागी पडे, आणि दुसरे कोणी तिथे बसत नसे. या मानाचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. वाचता काय, अक्षरओळख झाली की कोणालाही येते, असे ते माझ्या तोंडावर म्हणत. त्या वर्षी जुन्या वाचकाची नजर अधू झाली म्हणून गावाने मला बसवले. मी वाचत गेलो, तात्या अर्थ सांगत गेले. पोथीत एखादी उपमा आली की ते असे रंगत की पुढच्या ओवीसाठी मला खाकरावे लागे.

कार्तिकात पोथी संपली. त्याच सुमारास मी माझ्या कादंबरीचे हस्तलिखित पुण्यातल्या एका प्रकाशकाकडून परत घेऊन आलो. दुकानात बसणाऱ्या गृहस्थांनी ते सगळे वाचले होते, हे त्यांचे उपकारच. ते म्हणाले, "गोष्ट आहे तुमच्याकडे. पण मी शेवटपर्यंत बाहेरच उभा होतो हो. आत यावंसंच वाटलं नाही." पुन्हा लिहून आणलेत तर पाहीन, असेही म्हणाले. बोलण्यात फारशी आशा नव्हती.

कादंबरी दोन भावांची होती. धाकटा जमीन सोडून कारखान्यात जातो, थोरला मागे राहतो. मी कोणाच्या घरात बसून ती लिहिली हे सांगायला नकोच. डेपोच्या जागी औषधांचा कारखाना घातला की झाले, असे तेव्हा मला वाटत होते.

मी लिहितो हे बायकोने काकींना सांगितले, काकींनी तात्यांना. एके सकाळी अंगणातून हाक आली.

"भाऊसाहेब, तुमी पोथी लिवलीय म्हनं?"

मी म्हणालो, पोथी नाही, कादंबरी आहे.

"त्येच त्ये. येत्या रईवारी होऊ द्या. मी हायेच अर्थ सांगाया."

कादंबरीला अर्थ सांगणारा लागत नाही, हे मी तेव्हाच सांगायला हवे होते. पण पुण्याहून तसा परत आलेला मी. कोणीतरी ऐकायला तयार आहे एवढ्यानेच हुरळलो. शिवाय मनात एक हिशेब होता. ही माणसे शेवटपर्यंत बसली तर पुन्हा लिहायचे. उठून गेली तर हस्तलिखित ट्रंकेच्या तळाशी, आणि आपण बरे की आपली कारकुनी बरी.

रविवारी दुपारी देवळाच्या मंडपात माणसे जमली. एका बाजूला बायका. चौरंगावर लाल फडके अंथरून माझे कागद ठेवले. कोणीतरी त्यांना हळदकुंकूही वाहिले. तात्या घोंगडीवर मांडी घालून बसले आणि मला मानेने खूण केली. मी वाचू लागलो.

"निशादेवीने आपली काळीभोर शाल पृथ्वीच्या खांद्यावर अलगद पांघरली, आणि नभोमंडपात तारकांचे लक्ष लक्ष दीप उजळले."

मी थांबलो. तात्या म्हणाले, "म्हंजी रात झाली."

मी पुढचे वाचले. पूर्वदिशेच्या ललनेने भाळी कुंकुमतिलक रेखिल्याचे त्यात होते.

"म्हंजी उजाडलं."

"लगीच?" मागून कोणीतरी विचारले.

"लिवलंय तसं सांगतो," तात्या म्हणाले. मंडप हसला.

पुढे नायिका आली. शरदातला पूर्णचंद्र, हरिणीचे नेत्र, हंसाची चाल, काही म्हणून मी बाकी ठेवले नव्हते. या ठिकाणी तात्यांनी जरा विचार केला. मग म्हणाले, "बाई व्हती. चांगली व्हती."

"कुठल्या गावची?" बायकांतून प्रश्न आला. तात्यांनी माझ्याकडे पाहिले. मला माहीत नव्हते. मी ते कधी मनातच आणले नव्हते.

सभांमध्ये मी हा भाग तात्यांच्या अडाणीपणाचा म्हणून सांगत असे. ते खरे नाही. तात्या थट्टा करत नव्हते. पोथीला जे करायचे तेच ते माझ्या कादंबरीला इमानाने करत होते. माझा प्रत्येक अलंकार त्यांनी हातात घेऊन सोलला, आणि आत जे निघाले ते मंडपाला दाखवले. आत रात्र होती, सकाळ होती आणि एक बाई होती. त्यापेक्षा जास्त मी तिथे ठेवलेच नव्हते. मजा अशी की ज्यांच्यावरून मी थोरला घेतला ते तात्या माझ्या शेजारीच बसले होते, आणि माझ्या चंद्रचांदण्यांखाली कोणाला कोणी ओळखू आले नाही.

पुढचे काही दिवस गावात अंधार पडू लागला की पोरे ओरडायची, निशादेवी आली, म्हशी बांधा.

मी चिडलो. साधे हवे ना, घ्या साधे, म्हणून सगळी वर्णने लाल पेन्सिलीने खोडली. उरले ते असे: दोन भाऊ होते. बाप वारला. धाकट्याने नोकरी धरली. थोरल्याला राग आला. दुसऱ्या रविवारी हे वाचू लागलो. पहिल्या परिच्छेदानंतर मी थांबलो तर तात्या माझ्याकडे बघत राहिले.

"ह्यो अर्थच हाय," ते म्हणाले. "आता अर्थाचा अर्थ काय सांगू?"

त्यांनी हाताची घडी घातली. मी वाचत राहिलो. एक जण खांबाला टेकून झोपला. दोघे म्हशी पाजायच्या निमित्ताने उठले. वाचन संपल्यावर पुढच्याच रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारले, त्या पोरांचा बाप कुठे दिसला नाही तो.

"तो वारला, आबा," मी म्हणालो. "पहिल्याच पानावर."

"वारला व्हय?" म्हातारा हळहळला. "कळलं न्हाई मला."

मला ते चाबकासारखे लागले. एक माणूस माझ्या पानावर मेला आणि समोर बसलेल्याला कळले नाही. वाक्य स्पष्ट होते, ऐकणारा जागा होता. तरी तो मेला नाही, कारण तो कधी जगलाच नव्हता. त्याला मी खोकला दिला नव्हता, फाटकी वहाण दिली नव्हती, काही म्हणजे काही दिले नव्हते.

पायरी उतरताना तात्या म्हणाले की अजून एक रविवार पाहू, नाहीच जमले तर भजन लावू, टाळ तसेच पडून आहेत. त्यांच्या मते ही सवलत होती. माझ्या लेखी तो शेवटचा रविवार होता.

संध्याकाळी बायको चुलीपाशी होती. मी न विचारताच ती म्हणाली, "अहो, तुमच्या पुस्तकातली माणसं जेवतात, पण उठल्यावर एकाच्याही हाताला वास येत नाही."

तिने भाकरी उलटली.

"या घरात तुम्हाला काय काय दिसलं ते लिहा की."

ते कसे लिहू, म्हटले. त्यांचे घर आहे.

"मग आता काय चंद्रावरच्यांचं लिहिताय? लिहिताय ते त्यांचंच. निदान दिसेल असं तरी लिहा."

त्या आठवड्यात मी पुन्हा लिहायला बसलो. या वेळी कोणत्याही शब्दाला हात लावण्याआधी डोळे मिटून ती गोष्ट समोर येईपर्यंत थांबायचे, असे ठरवले. कारखान्यात औषध भरण्याच्या विभागापाशी गेलो की मी रोज एक आवाज ऐकत होतो, पण तो कशासारखा आहे हे मनाला कधी विचारले नव्हते. विचारल्यावर उत्तर लगेच आले. आणि तात्यांच्या कांद्याच्या वखारीत पावसाळ्यात पाहिलेले एक दृश्य मनात रुतून बसले होते. तात्या दार उघडून आत पाऊल टाकायचे आणि एखाद्या दिवशी मधेच थांबायचे. नाकपुड्या फुलायच्या. मग सरळ राशीकडे जाऊन खांद्यापर्यंत हात आत घालायचे आणि एक काळा, पाणी सुटलेला कांदा बाहेर काढायचे. रास चाकणच्या बाजाराला जाईपर्यंत हे चालू असे. त्यातले अर्धेच मी लिहिले. दुसऱ्या अर्ध्याचे महत्त्व मला तेव्हा कळले नव्हते.

तिसऱ्या रविवारी माणसे कमी होती. मला वाटते, काही जण भजन लागेल या आशेनेच आले होते. मी कारखान्यापासून सुरुवात केली. धाकटा भाऊ पहिल्या दिवशी आत शिरतो तेव्हा त्याला काचेच्या औषधाच्या बाटल्या पट्ट्यावरून एकामागे एक येताना दिसतात. मी लिहिले होते की त्या एकमेकींना घासून, किणकिण करत अशा पुढे सरकत होत्या, की लग्नघरात सगळ्या बायका एकदम बांगड्या भरायला बसल्या आहेत असे वाटावे.

तात्या म्हणाले, "म्हंजी कारखान्यात बाटल्या वाजत्यात."

"तसं न्हाई," बायकांतून काकींचा आवाज आला. "कासारीन आल्यावानी, म्हनत्यात ते."

आजवर तात्यांचा अर्थ कोणी दुरुस्त केला नव्हता. त्यांनी मान वळवून पाहिले. मग म्हणाले, "व्हय. कासारीन आल्यावानी." आणि मला हाताने पुढे जायची खूण केली. पण पुढे जाता येईना. बायका विचारू लागल्या, तिथे बायकाही कामाला आहेत का, बाटल्या हाताने धुतात की कशाने, फुटली तर रागावतात का. यांतल्या एकीनेही कारखाना पाहिला नव्हता. आणि या क्षणी त्या सगळ्या आत होत्या, पट्ट्याशेजारी उभ्या होत्या, कारण बांगड्यांच्या आवाजाने त्यांना तिथवर हाताला धरून नेले होते. उपमेचे काम काय असते हे मी पुस्तकांत वाचले होते. ते घडताना पाहिले ते इथे पहिल्यांदा. आपल्या घरात जे रोज ऐकतो त्याच्या मागोमाग माणूस परक्या दारात शिरतो.

मग मी थोरल्याच्या घराकडे आलो. धाकटा निघून गेल्यानंतरचे घर.

"वखारीत एखादा कांदा सडला तर वरून काही कळत नाही. रास तशीच गुलाबी, तशीच कोरडी. पण दार उघडून आत पाऊल टाकणारा जागीच थांबतो. थोरल्याच्या घरी येणारा पाहुणाही असाच उंबऱ्यात क्षणभर थांबे, आणि मग आत येऊन पीकपाण्याचे बोलू लागे."

"म्हंजी," तात्या म्हणाले, आणि थांबले.

मंडपात कोणी हलले नाही. माझ्या लक्षात आले ते तेव्हा. सगळ्यांनी ओळखले होते. निशादेवीने जे झाकले होते आणि कोरड्या वाक्यांनी जे सांगूनही सांगितले नव्हते, ते त्या एका वासाने उघडे केले होते. प्रत्येक जण कधी ना कधी तात्यांच्या उंबऱ्यात तसा थांबलेला होता. मी कागदावरून मान वर करू शकलो नाही. घर, खोली, वाचन, सगळे आता संपले असे मला वाटले.

माझ्या विनोदात तात्या इथे अडतात. त्यांना शब्द सापडत नाहीत. प्रत्यक्षात शब्द तयार होते. घरात भांडण व्हतं, एवढे म्हटले की झाले असते. तेवढा अर्थ लहान मुलालाही सांगता आला असता. तो सांगून ते माझे वाक्य निशादेवीसारखे सोलून टाकू शकत होते आणि स्वतःची सुटकाही करून घेऊ शकत होते. गावाने त्यांना दोष दिला नसता.

तात्या म्हणाले, "ह्येचा अर्थ मी न्हाई सांगत."

ते उठले. चौरंगाशेजारची घोंगडी त्यांनी उचलली, माणसांत गेले, मागच्या रविवारच्या त्या आबांशेजारी ती अंथरली आणि बसले. अर्थ सांगणाऱ्याची जागा रिकामी झाली.

"भाऊसाहेब," ते तिथून म्हणाले, "परत वाचा. सावकाश."

मी परत वाचले. या वेळी कोणी मधे बोलले नाही. मंडपाच्या पायऱ्यांवरचे ऊन जाईपर्यंत मी वाचत होतो, आणि म्हशी पाजायला कोणी उठले नाही. माझ्या आयुष्यात पुढे पुरस्कार आले, शाली आल्या, आणि त्यांतले काहीही त्या दुपारच्या जवळपास येत नाही. एका माणसाने समजावून सांगण्याचा मान सोडला आणि ऐकणाऱ्यांत जाऊन बसला. आपले दुःख सगळ्यांसमोर वाचले जात असताना त्याने ते आणखी सावकाश वाचायला सांगितले. कादंबरीत शिरणे म्हणतात ते हेच असेल, तर माझा पहिला वाचक तात्या होते. मी त्यांना जिंकले नव्हते. ते आपल्या पायांनी आत आले होते.

त्याच संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दारात आले. हाक मारली नाही. उंबरा ओलांडून आत आले आणि ट्रंकेवर बसले. भिंतीकडे, कोनाड्याकडे बघत राहिले. बायकोने पुढे केलेला चहा त्यांनी घेतला. मी माफी मागायला सुरुवात केली, पण त्यांनी ती ऐकली नाही.

"वखारीत मानूस थांबतो, ते बराबर लिवलंय," ते म्हणाले. "पर थांबून भागत न्हाई. हात घालावा लागतो. खांद्यापतूर. ते लिवलंय का?"

अजून नाही, मी म्हणालो.

"लिवा. न्हाईतर समदी रास जाईल."

चहा संपवून ते गेले. त्या कादंबरीचा शेवट, ज्यावर पुढे समीक्षकांनी बरेच लिहिले, तो तात्यांनी त्या ट्रंकेवर बसून मला दिलेला आहे. थोरला एके सकाळी बैलगाडी जुंपतो आणि कोणालाही न सांगता धाकट्याकडे जायला निघतो, एवढाच तो शेवट. माझ्या आधीच्या हस्तलिखितात थोरला एकटाच मरत होता आणि निशादेवी पुन्हा शाल घेऊन येत होती.

मग हे सगळे मी असे उलटे का सांगितले? पुस्तक निघाल्यावर पुण्यात पहिला सत्कार झाला. मी घाबरलो होतो. शिकलेल्या लोकांसमोर काहीतरी बोलायचे म्हणून तात्यांचे "म्हंजी रात झाली" सांगितले. हशा पिकला. त्या हशाच्या भरात तोंड उघडे राहिल्याचे जोडून दिले. मग ते जोडलेलेच खरे होऊन बसले. काही वर्षांनी पिंपरीला एका कार्यक्रमात मी तीच नक्कल केली, आणि करता करता दिसले की पहिल्या रांगेत तात्या बसले आहेत. ते सगळ्यांबरोबर हसले. परतताना माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आले तेव्हा म्हणाले, "पोरं लई हसली, भाऊसाहेब." आणखी काही नाही. मी तेव्हाही बोललो नाही. त्यानंतरही नक्कल करत राहिलो. याला माझ्याकडे सबब नाही.

पण मला सांगायचे आहे ते पुढच्या रविवारांचे. मंडप पुरेना. नदीपलीकडून, कुरुळीहूनसुद्धा माणसे येऊ लागली. वाचायला बसलो की आधी फर्माईश व्हायची, वखारीचं होऊ द्या, आणि तेवढा तुकडा पुन्हा वाचल्याशिवाय पुढचे वाचू देत नसत. बाहेर पडल्यावर गावभर उपमांचा सुकाळ झाला होता. एकाने मला रस्त्यात अडवून सांगितले, माझ्या सासऱ्याला पुस्तकात घ्या, काहीतरी भरून परत न्यायला आणलेल्या रिकाम्या भांड्यासारखा बसतो तो आमच्या घरी. ती उपमा मी दुसऱ्या कादंबरीत वापरली. त्याला विचारले नव्हते, हेही इथे नोंदवून टाकतो. प्रकाशकांनी नवे हस्तलिखित ठेवून घेतले आणि छापले. फक्त कागदांवर गुलाबी डाग कसले आहेत, एवढे त्यांनी विचारले.

ते डाग समाप्तीचे. पोथी संपली की नैवेद्य दाखवायचा, वाचणाऱ्याला आणि अर्थ सांगणाऱ्याला नारळ द्यायचा, ही गावाची रीत. कादंबरीची समाप्ती नसते हे मी सांगून पाहिले. कोणी ऐकून घेतले नाही. बायकांनी शिरा केला, कोणी गुलाल आणला.

शेवटचे प्रकरण मी वाचायला घेतले तेव्हा एक माणूस सायकल हातात धरून मंडपाबाहेर येऊन उभा राहिला. अंगात डेपोची खाकी विजार. मी त्याला कधी पाहिले नव्हते, तरी कपाळ आणि मिशांवरून ओळखले. आपल्या घरावर पुस्तक लिहिले आहे आणि देवळात वाचतात, हे देहूरोडपर्यंत पोचले होते, आणि तो जाब विचारायला आला होता. हे मला त्याच्या उभे राहण्यावरून कळले. तात्यांनीही पाहिले आणि मान पुन्हा माझ्याकडे वळवली. मी वाचत राहिलो. थोरल्याने वखारीच्या राशीत खांद्यापर्यंत हात घातल्याचे आले, मग बैलगाडी, मग वाट. मधे मी डोळे वर केले तर त्याने सायकल स्टँडवर लावली होती. आणखी एकदा पाहिले तेव्हा तो शेवटच्या पायरीवर बसला होता.

वाचन संपले. कोणी उठेना. मग पायरीवरून तोच बोलला.

"आमच्या दादानं आसं कवा केलं न्हाई."

तात्यांनी मागे न बघताच उत्तर दिले.

"त्येनं पुस्तकात केलंय. आता मला करावं लागंल."

पहिल्यांदा धाकटाच हसला. मग सगळा मंडप असा हसला की देवळातल्या घंटेने साथ दिली असे मला वाटले. खरे तर ती कोणीतरी वाजवली होती. तात्या उठून पायरीपाशी गेले. दोघे काय बोलले ते मला ऐकू आले नाही, आणि ऐकू आले असते तरी मी आज लिहिले नसते.

नारळ द्यायची वेळ आली. माझा मला मिळाला. दुसरा तात्यांपुढे केला तर त्यांनी तो घेतला नाही. "मी अर्थ कुठं सांगितला?" म्हणाले. गावाने तोही माझ्याच हातात ठेवला. मी नको म्हणालो नाही. दोन्ही नारळ घरी नेले. त्यातला एक तात्यांचा होता. अर्थ न सांगितल्याबद्दलच तो त्यांना द्यायला हवा होता.

पण त्या दिवशी असले काही मनात नव्हते. कागद लाल फडक्यात बांधले, त्यांवर गुलाल उधळला, आणि देवळाला प्रदक्षिणा घालायची ठरली. गठ्ठा कोणी घ्यायचा असा प्रश्न निघायच्या आत धाकट्याने तो उचलून तात्यांच्या डोक्यावर ठेवला आणि एका हाताने मागून धरला. टाळ वाजू लागले. दोघे भाऊ पुढे, त्यांच्यामागे गाव, त्यामागे बायका, आणि अगदी शेवटी मी, दोन्ही हातांत दोन नारळ धरून, गुलालाने डोळे चुरचुरत असताना माझीच कादंबरी पुढे चाललेली बघत.